बोक्याची लघवी तुंबते तेव्हा…

मांजर आपले दुखणे सहसा कोणाला कळू देत नाही. पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसणे, खाणे कमी करणे, हाक मारली तरी न येणे, एवढीच त्याची तक्रार. मूत्रमार्गाचे दुखणे मात्र याला थोडेसे अपवाद आहे. या दुखण्यात मांजर रेतीच्या पेटीत पुन्हा पुन्हा जाते, बराच वेळ पाय दुमडून बसते, कण्हते आणि बाहेर येते तेव्हा रेतीत चार थेंबही पडलेले नसतात. कधी मोरीत, कधी वॉश बेसिनमध्ये, तर कधी अंथरुणावर लालसर लघवीचे ठिपके आढळतात. घरची माणसे यातून बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. शौचाला होत नाही असे समजून मांजराला एरंडेल पाजले जाते, किंवा घाण करण्याची खोड लागली असे समजून त्याला दटावले जाते. मांजर भाटी असेल, तर या गैरसमजाचा परिणाम बहुतेक वेळा काही दिवसांच्या वेदनेवर निभावतो. बोका असेल, तर तोच गैरसमज त्याच्या जिवावर बेतू शकतो.

मांजरांच्या मूत्रविकारांची काळजी दोन वेगवेगळ्या गतींनी घ्यावी लागते, हे पाळणाऱ्याने प्रथम समजून घ्यायला हवे. लघवी अडलेली असेल तेव्हा तास मोजावे लागतात. ती मोकळी झाल्यानंतर मात्र प्रश्न महिन्यांचा आणि वर्षांचा असतो, आणि त्या काळात औषधाच्या बाटलीपेक्षा घरातले पाणी, अन्न आणि वातावरण यांचा वाटा मोठा असतो. पहिल्या टप्प्यात दिरंगाई आणि दुसऱ्या टप्प्यात कंटाळा, या दोन गोष्टींमुळेच बहुतेक मांजरांचे नुकसान होते.

तासांचा हिशेब

मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते आणि तेथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून शिश्नाच्या टोकाकडे तो अतिशय अरुंद, जेमतेम मिलिमीटरभर उरतो. मूत्राशयाला सूज आली की तेथून श्लेष्मा, प्रथिने आणि पेशींचे तुकडे सुटतात. त्यांत क्षारांचे सूक्ष्म स्फटिक मिसळले की ओल्या वाळूसारखा बूच तयार होतो आणि तो नेमका या अरुंद भागात अडकतो. कधी एखादा बारीक खडा अडकतो, तर कधी काहीही अडकलेले नसताना सूज आणि आकडी यांमुळेच वाट बंद होते. भाट्यांमध्ये असे पूर्ण अडणे क्वचितच घडते.

वाट बंद झाली तरी मूत्रपिंडे काही काळ मूत्र तयार करीतच राहतात. मूत्राशय ताणून लिंबासारखे टणक होते. मागे साचलेल्या दाबामुळे मूत्रपिंडांचे काम मंदावते, आणि शरीराबाहेर जायला हवी अशी द्रव्ये रक्तात साठू लागतात. त्यांतील सर्वांत घातक म्हणजे पोटॅशियम. रक्तातील पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंद व अनियमित होतात आणि अखेरीस थांबतात. पूर्ण अडथळा आल्यापासून साधारण एका दिवसात ओकाऱ्या, मलूलपणा, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे सुरू होतात. उपचार न झाल्यास दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो.

म्हणूनच येथे नियम अगदी साधा आहे. बोका पुन्हा पुन्हा कुंथत असेल आणि लघवी पडताना दिसत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. शौचाला होत नाही की लघवीला, हे घरी ओळखण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. दोन्ही प्रसंगी मांजराची बसण्याची ढब सारखीच दिसते, आणि बद्धकोष्ठ असेल तर दवाखान्यात नेल्याने काही बिघडत नाही. पोट चेपून लघवी काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ताणलेले मूत्राशय त्यामुळे फुटू शकते. पाणी जबरदस्तीने पाजणे, धन्याचे किंवा जिऱ्याचे पाणी देणे, हे माणसाला उन्हाळी लागल्यावर करायचे उपाय येथे निरुपयोगी आहेत. ज्या वाटेने पाणी बाहेर पडायचे तीच बंद असेल, तर वरून आणखी पाणी ओतून उपयोग नसतो.

दवाखान्यात काय घडते

अडलेल्या बोक्याला टेबलावर घेतल्याबरोबर पशुवैद्यक नळी घालायला घेत नाहीत, याचे पाळणाऱ्यांना आश्चर्य वाटते. हृदय आधी सांभाळावे लागते. शिरेतून सलाइन सुरू केले जाते, रक्त तपासले जाते आणि पोटॅशियम फार वाढले असेल तर हृदयाचे रक्षण करण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट दिले जाते. काही वेळा पोटातून सुई घालून मूत्राशयातील ताण हलका केला जातो. त्यानंतर भूल देऊन मूत्रमार्गात बारीक नळी सरकवली जाते, सलाइनच्या दाबाने बूच मागे लोटला जातो आणि साचलेले मूत्र काढून मूत्राशय धुतले जाते.

ही नळी बहुधा एक ते तीन दिवस तशीच ठेवतात. अडथळा दूर झाल्यावर मूत्रपिंडे काही काळ अतोनात मूत्र बाहेर टाकतात. त्या वेळी सलाइन पुरेसे मिळाले नाही, तर आतापर्यंत लघवी तुंबल्यामुळे संकटात असलेले मांजर पाणी कमी पडल्याने संकटात येते. एका रात्रीत घरी सोडण्याचा आग्रह धरू नये तो यासाठी. वेळेत आणलेल्या बोक्यांपैकी बहुसंख्य वाचतात. वेगवेगळ्या देशांतील पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या नोंदींनुसार उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बोके घरी परततात. मात्र पुन्हा अडण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि पुढेही तो पूर्णपणे संपत नाही.

वारंवार अडणाऱ्या बोक्यासाठी एक शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. मूत्रमार्गाचा शेवटचा अरुंद भाग काढून टाकून मागचा रुंद भाग त्वचेला जोडला जातो. अनेक बोक्यांचे प्राण तिने वाचवले. पण ही शस्त्रक्रिया फक्त वाट रुंद करते, मूत्राशयाचा आजार बरा करीत नाही. उलट तिच्यानंतर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. म्हणून तिचा विचार अखेरचा उपाय म्हणूनच होतो.

वाळवंटातील वारसा

मांजरालाच हा त्रास एवढा का, याचे उत्तर त्याच्या कुळात सापडते. घरगुती मांजराचा पूर्वज हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर आहे. २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले होते. कोरड्या प्रदेशातील या प्राण्याला पाणवठा रोज मिळेलच याची शाश्वती नव्हती. त्याची तहान भागत असे ती शिकारीतून. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. शिवाय मिळालेल्या पाण्याचा थेंबन् थेंब वाचवण्यासाठी त्याची मूत्रपिंडे अत्यंत दाट मूत्र तयार करतात. माणसाच्या मूत्राला जास्तीत जास्त जेवढी दाटी येऊ शकते, तिच्या दुपटीहून अधिक दाटी मांजराच्या मूत्राला येऊ शकते.

उंदीर खाऊन जगणाऱ्या प्राण्याला ही व्यवस्था उत्तम होती. कोरड्या दाण्यांवर जगणाऱ्या प्राण्याला ती महागात पडते. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठी अन्न व पाणी मिळून साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. एवढ्या मांजराला पुरणाऱ्या सुमारे ६० ग्रॅम कोरड्या खाद्यातून त्याला जेमतेम पाच-सहा मिलिलिटर पाणी मिळते. तेवढेच पोषण डबाबंद ओल्या खाद्यातून दिले, तर जवळजवळ सगळी गरज ताटलीतच भागते. कोरडे खाणारे मांजर वाटीतले पाणी अधिक पिते हे खरे, पण तहानेची जाणीवच मंद असल्याने ते ही तूट पूर्ण भरून काढत नाही. मूत्र दाट राहते, मूत्राशयात अधिक वेळ थांबते आणि त्यात विरघळलेले क्षार खाली बसण्याची शक्यता वाढते.

राख, मॅग्नेशियम आणि खडे

मूत्रविकारांचे कारण शोधताना पशुवैद्यकशास्त्राने बऱ्याच वाटा चोखाळल्या. १९७० च्या दशकात खाद्यातील 'राख', म्हणजे जळून न जाणारा खनिजांचा अंश, दोषी मानला गेला. पुढे त्यातील मॅग्नेशियमवर बोट ठेवले गेले. मांजरांच्या मूत्राशयात आढळणारे स्ट्रुव्हाइट खडे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असतात, आणि मूत्र अल्कधर्मी असेल तर ते लवकर तयार होतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून काम करणाऱ्या खड्यांच्या संशोधन केंद्राकडे सुरुवातीला मांजरांचे जे खडे येत, त्यांतील बहुसंख्य याच प्रकारचे असत.

मग खाद्य बनवणाऱ्या उद्योगाने मॅग्नेशियम कमी केले आणि मूत्र आम्लधर्मी राहील अशी खाद्ये बाजारात आणली. स्ट्रुव्हाइटचे प्रमाण घटले खरे, पण १९९० च्या दशकात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे झपाट्याने वाढले. एक दार बंद करताना दुसरे उघडले गेले, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. खनिजांचा एकच आकडा पाहून खाद्य निवडणे किती अपुरे असते, याचा हा धडा होता.

या दोन खड्यांतील फरक पाळणाऱ्यालाही ठाऊक असावा. स्ट्रुव्हाइट खडे विशिष्ट वैद्यकीय आहाराने विरघळतात. बहुतेक वेळा दोन ते पाच आठवड्यांत ते नाहीसे होतात आणि शस्त्रक्रिया टळते. मात्र त्या काळात दुसरे काहीही खायला देऊन चालत नाही. ताटातला माशाचा तुकडा, शेजारणीने प्रेमाने घातलेले दूध, यांनीही आहाराचा परिणाम बिघडतो. ऑक्झलेटचे खडे कोणत्याही आहाराने विरघळत नाहीत. ते काढावेच लागतात. कोणता खडा आहे याचा अंदाज क्ष-किरण, सोनोग्राफी आणि मूत्रतपासणी यांवरून बांधला जातो.

मूत्रात स्फटिक दिसले म्हणजे रोग झाला, असेही नाही. निरोगी मांजरांच्या दाट मूत्रातही ते आढळतात. शिवाय नमुना तासन् तास ठेवला किंवा थंड केला, तर स्फटिक बाटलीतच तयार होतात. त्यामुळे नमुना ताजा असतानाच तपासला गेला पाहिजे. जुन्या नमुन्याच्या अहवालावरून सुरू केलेला खास आहार वर्षानुवर्षे चालू राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नवी नाहीत.

जंतूंविना दाह

खडे आणि बूच यांची चर्चा अधिक होत असली, तरी मूत्राशयाची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण व मध्यमवयीन मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडेही नसतात आणि जंतूही नसतात. मूत्राशय सुजलेले असते, लघवीत रक्त असते, वेदना खरी असते, पण कारण दिसत नाही. पशुवैद्यक याला अज्ञातहेतुक मूत्राशयदाह म्हणतात. माणसाला उन्हाळी लागली की जंतुसंसर्गाचा संशय प्रथम घेतला जातो. तोच न्याय मांजराला लावल्यामुळे प्रतिजैविकांचा मारा होतो. दहा वर्षांखालील मांजरांत प्रत्यक्ष जंतुसंसर्ग त्या मानाने कमी आढळतो. म्हाताऱ्या मांजरांत, विशेषतः मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत तो वाढतो. म्हणून जंतूंची तपासणी करूनच प्रतिजैविक देणे योग्य ठरते.

प्रतिजैविकाने मांजर बरे झाल्याचा अनुभव अनेकांना येतो, त्याचे कारण निराळे आहे. या दाहाचा झटका बहुतेक वेळा पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरतो. या दिवसांत जे औषध दिले असेल, त्याला यश मिळते. पुढच्या झटक्याला तेच औषध पुन्हा दिले जाते, आणि मूळ कारणाकडे दुर्लक्ष होत राहते.

मूळ कारणाचा शोध घेणाऱ्यांत अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांचे नाव अग्रभागी आहे. या मांजरांचा आजार केवळ मूत्राशयाचा नसून संपूर्ण शरीराच्या ताणयंत्रणेचा आहे, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अशा मांजरांची मज्जासंस्था सतत सावध अवस्थेत असते आणि ताण वाढला की त्याचा परिणाम मूत्राशयाच्या अस्तरावर होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ३२ मांजरांचे ७७ आठवडे निरीक्षण करण्यात आले. त्यांतील २० मांजरांना हा आजार होता आणि १२ निरोगी होती. खाण्याच्या वेळा बदलल्या, ओळखीचा परिचारक आला नाही, असे काही वेगळे घडले की ओकाऱ्या, अन्न टाकणे, पेटीबाहेर घाण करणे अशी लक्षणे दोन्ही गटांत वाढत. निरोगी मांजरेही त्याला अपवाद नव्हती.

मोठ्या शहरांतील सदनिकांत राहणाऱ्या मांजरांच्या बाबतीत हे निष्कर्ष विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. दिवाळीतले फटाके, गणपतीत भरलेले घर, रंगकाम, घर बदलणे, नवे बाळ किंवा नवे मांजर, रोज घरी असणारे माणूस अचानक गावी जाणे, हे प्रसंग माणसांना नित्याचे वाटतात. मांजराला ते तसे वाटत नाहीत. घराबाहेर न पडणारी, स्थूल, निर्बीजीकरण झालेली, कोरड्या खाद्यावर वाढणारी आणि इतर मांजरांबरोबर राहणारी मांजरे या आजाराला अधिक बळी पडतात. निर्बीजीकरणामुळे बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, हा समज मात्र मोजमापांच्या कसोटीवर टिकलेला नाही. निर्बीजीकरणानंतर वाढणारे वजन आणि घटणारी हालचाल यांवर लक्ष ठेवले, तर ती शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण उरत नाही.

पाणी पोटात जावे कसे

दुसऱ्या टप्प्यातील सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मूत्र पातळ करणे. हा उपाय खडे, बूच आणि अज्ञातहेतुक दाह या तिन्हींना लागू पडतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाहाचा झटका येऊन गेलेल्या मांजरांना वर्षभर एकाच प्रकारचा वैद्यकीय आहार देण्यात आला, काहींना ओल्या स्वरूपात आणि काहींना कोरड्या. ओले खाणाऱ्यांपैकी ११ टक्के, तर कोरडे खाणाऱ्यांपैकी ३९ टक्के मांजरांना पुन्हा झटका आला. मांजरांची संख्या लहान होती, पण त्यातून दिसलेली दिशा पुढील काळात सर्वमान्य झाली.

घरी हे साधण्याचे मार्ग फार अवघड नाहीत. शक्य असेल तर कोरड्या खाद्याची जागा हळूहळू ओल्या खाद्याने घ्यावी. ते न परवडल्यास कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत, मात्र आपल्या हवेत असे भिजलेले खाद्य ताटलीत तासन् तास ठेवू नये. कोंबडी किंवा मासे उकळलेले पाणी मांजर आवडीने पिते. त्यात मीठ, कांदा, लसूण नसावा. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. पाण्याची भांडी रुंद तोंडाची, काठोकाठ भरलेली आणि घरात दोन-तीन ठिकाणी असावीत. ती खाण्याच्या ताटलीपासून आणि रेतीच्या पेटीपासून दूर ठेवावीत. काही मांजरांना वाहते पाणी आवडते. नळाखाली तोंड धरणाऱ्या मांजरासाठी छोटे कारंजे घेणे सत्कारणी लागते.

दूधभात, दूधपोळी आणि सुकट हा आपल्याकडचा मांजराचा परंपरागत आहार. उंदीर-पाली मारून पोट भरणाऱ्या मांजराला वर एवढे पुरत असे. चार भिंतींतल्या मांजराला ते पुरत नाही. दूधभातात टॉरिन हे अत्यावश्यक द्रव्य फारसे नसते, आणि त्याच्या अभावी मांजराची दृष्टी व हृदय अधू होते. खारवलेली सुकी मासळी मीठ व खनिजांनी भरलेली असते. मूत्रविकार असलेल्या मांजराला ती देऊ नये. मूत्र आम्लधर्मी करणारी पावडर किंवा गोळी आपल्या मनाने सुरू करण्यातही धोका आहे. वैद्यकीय आहारासोबत ती दिल्यास आम्लता प्रमाणाबाहेर वाढते.

आहार बदलताना घाई नको. नवे खाद्य नाकारणाऱ्या मांजराला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा विचार अंगाशी येतो. स्थूल मांजराने दोन-तीन दिवस अन्न टाकले, तरी त्याच्या यकृतात चरबी साठून प्राणघातक आजार उद्भवू शकतो. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल पूर्ण करावा.

पेटी आणि शांतता

मांजराला लघवी रोखून धरावी लागू नये, ही दुसरी गरज. जेवढी मांजरे तेवढ्या पेट्या आणि वर एक, असा पशुवैद्यकांचा ठोकताळा आहे. लहान सदनिकेत तो कठीण वाटला, तरी निदान एकमेकांपासून दूर दोन पेट्या ठेवता येतात. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, रेती सुगंधी नसावी आणि ती रोज स्वच्छ करावी. धुलाई यंत्राशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर पेटी ठेवली, तर भित्रे मांजर तिकडे फिरकत नाही. त्यातून मग मोरी आणि अंथरूण यांचा आश्रय घेतला जातो.

२००६ साली बफिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ मांजरांच्या घरांत असेच बदल सुचवून दहा महिने पाठपुरावा केला. पेट्या वाढवणे, लपण्यासाठी आणि उंच बसण्यासाठी जागा करून देणे, रोज थोडे खेळणे, शिक्षा थांबवणे, मांजरांमधील भांडणे कमी करणे, असे ते साधे बदल होते. मूत्राशयाच्या तक्रारी तर लक्षणीय घटल्याच, पण भित्रेपणाही कमी झाला. कपाटावर अंथरलेली एक जुनी गोधडी किंवा खिडकीजवळचे पुठ्ठ्याचे खोके, एवढ्यानेही मांजराला हक्काची जागा मिळते. घरात पाहुणे येणार असतील, फटाके वाजणार असतील, तर एक खोली, पाणी आणि पेटी यांची सोय आधीच करून ठेवावी.

वेदना शमवण्यासाठी घरातल्या औषधांच्या डब्याकडे मात्र वळू नये. पॅरासिटामॉलचे विघटन करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांना इजा करतात. मांजरांसाठी सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध आहेत आणि या दुखण्यात ती आवश्यकही असतात. ती पशुवैद्यकाकडूनच घ्यावीत.

नोंद आणि पूर्वतयारी

दवाखान्यातून परतलेल्या बोक्याची लघवी पहिले काही आठवडे रोज पाहावी. ओल्याने गुठळी होणारी रेती वापरली, तर हे काम सोपे होते. निरोगी मांजराच्या पेटीत दिवसाला साधारण दोन ते चार मोठ्या गुठळ्या सापडतात. त्यांची संख्या एकाएकी वाढून आकार सुपारीएवढा झाला, तर मूत्राशयाला सूज आली असे समजावे. गुठळी एकही नसेल आणि बोका कुंथत असेल, तर थेट दवाखाना गाठावा. अनेक मांजरे असलेल्या घरात कोणाची लघवी कोणती हे कळत नाही, तेव्हा आजारी मांजराला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवणे इष्ट.

प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात बोक्याला नळी घालण्याची, रक्तातील पोटॅशियम तपासण्याची आणि रात्री देखरेख ठेवण्याची सोय असतेच असे नाही. तालुक्याच्या गावी दवाखान्यातील बहुतेक काम गाईम्हशी आणि शेळ्यांचे असते. मोठ्या शहरांतही रात्री उघडा असणारा दवाखाना ऐनवेळी शोधताना तारांबळ उडते. बोका पाळणाऱ्याने ही चौकशी तो ठणठणीत असतानाच करून ठेवावी. ही सोय कोठे आहे, रात्री कोणाला दूरध्वनी करायचा, वाहन कोणते मिळेल आणि खर्च साधारण किती येईल, एवढी माहिती औषधांच्या डब्याजवळ लिहून ठेवलेली असली म्हणजे पुरे.

दाहाचे झटके येणाऱ्या मांजराला हा त्रास पुन्हा कधीच होणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. वय वाढते तसे झटके विरळ होत जातात, हा दिलासा आहे. तोपर्यंत पाण्याची भरलेली वाटी, स्वच्छ पेटी आणि न बदलणारा दिनक्रम एवढ्यावर बहुतेक मांजरे वर्षानुवर्षे सुखाने जगतात. त्यासाठी पेटी साफ करताना रोज क्षणभर थांबून आत काय पडले आहे ते पाहण्याची सवय मात्र घरातल्या कोणा एकाला तरी हवी.